कर्त्या पुरुषावाचून



आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पुरी होत आहेत. स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहिलेच पाहिजे असा अध्यक्षाबाईंचा हुकूम सुटला, तेव्हा पाककृती आणि उखाणे हुशार बायकांनी आधीच वाटून घेतले आणि माझ्या वाट्याला इतिहास आला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण दुपारच्या वेळी वाचनालयातून पुस्तके आणून वाचण्याचा नाद जुना आहे. त्यातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवते.

आपल्याकडे एक बोलणे सर्रास ऐकू येते. चार बायका एका चुलीशी आल्या की भांडण ठरलेलेच, त्यांना वळण लावायला घरात कर्ता पुरुष हवा. मंडळ निघाले तेव्हा आपणही हे ऐकले आहे. मला वाटले, एकदा पाहावे तरी, की कोणी बायका कर्त्या पुरुषावाचून, आपल्या जमिनीवर, आपल्या श्रमाने, वर्षानुवर्षे एकत्र राहिल्या आहेत का. आणि राहिल्या असतील तर पैसा, काम आणि तंटे यांचे त्यांनी काय केले. पाहू गेले तर अशी घरे एक नव्हे, अनेक निघाली.

सर्वांत जुनी जी मला सापडली ती दूरदेशीची आहेत. आज ज्याला बेल्जियम म्हणतात त्या मुलखात सन १२०० च्या सुमारास बेगीन नावाच्या बायकांच्या वस्त्या उभ्या राहू लागल्या. आपल्याकडे महानुभाव पंथातली महदाइसा होऊन गेली त्याच्या थोडे आधीचा हा काळ. या बायका लग्न करीत नसत, पण जोगिणीसारखी जन्माची शपथही घेत नसत. वस्तीत राहावयाचे तोवर नेमाने राहावे, पुढे लग्न करावेसे वाटले तर खुशाल बाहेर पडावे. गावाच्या कडेला एक भिंत, तिला दार, आत अंगण, प्रार्थनेचे देऊळ आणि भोवती लहान लहान घरे. लोकर धुणे, सूत आणि कापड, आजाऱ्यांची शुश्रूषा, मुलींना शिकवणे यांवर त्यांचा चरितार्थ चाले. प्रमुख त्या आपल्यातूनच निवडीत. नवऱ्याच्याही हुकमात नाही आणि मठाच्याही नाही, अशा बायका धर्माधिकाऱ्यांच्या डोळ्यांत खुपल्या नसत्या तरच नवल. मार्गरीत पोरेत नावाच्या बेगीन बाईने एक पुस्तक लिहिले म्हणून १३१० साली पॅरिसमध्ये तिला जिवंत जाळले, आणि त्यानंतर दोनच वर्षांत धर्मसभेने या बायकांच्या राहणीविरुद्ध ठराव केला. तरी वस्त्या टिकल्या. अशा तेरा वस्त्या १९९८ साली जागतिक वारशात घेतल्या गेल्या, आणि जगातली शेवटची बेगीन बाई कॉर्ट्राइक गावी २०१३ च्या एप्रिलमध्ये वारली. म्हणजे आठशे वर्षे झाली. आपल्या किती घराण्यांचा संसार आठशे वर्षे चालला आहे?

आता आपल्या घरी येऊ. पुणे-सोलापूर रेल्वेवर दौंड तालुक्यात केडगाव नावाचे स्टेशन आहे. पंडिता रमाबाईंचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले असते, पण त्यांच्या शेतीबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी तेच सांगते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. तरुणपणीच दुष्काळाने त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. पुढे लग्न, वर्ष-दीड वर्षात वैधव्य, पदरी लहानगी मनोरमा. इंग्लंडात १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तिथून अमेरिकेत गेल्या, आणि १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन शहरी त्यांच्या नावाची एक मंडळी स्थापन झाली. विधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत करायची असा त्या मंडळीचा शब्द होता. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. गोदूबाई तिथेच शिकल्या. १८९३ साली त्यांचे धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झाले. त्याच साली सदनात मुली धर्म बदलतात असा मोठा गवगवा झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागारपदावरून दूर झाली, अनेक पालकांनी आपापल्या मुली काढून नेल्या. या वादात दोन्हीकडे खरे होते असे मला वाटते. आईबापांची धास्ती खोटी नव्हती, आणि केशवपन करून कोपऱ्यात बसवलेल्या पोरीला दुसरे दार त्या काळी उघडे नव्हते, हेही खोटे नव्हे.

पण मला जी गोष्ट फार मोलाची वाटते ती हिशेबाची. मदत दहा वर्षांची आहे, अकराव्या वर्षी काय, हा प्रश्न रमाबाईंनी आधीच स्वतःला विचारला. देणगी आज येते आणि उद्या थांबते, झाड मात्र दरवर्षी फळते. म्हणून त्यांनी केडगावला शंभर एकरांच्या आसपास उजाड, स्वस्त जमीन घेतली, विहिरी खणवल्या, आंबे, संत्री, लिंबे लावली. बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे असा बेत होता. पुण्यातल्या शाळेच्या बाईने माळावर शेत का घेतले, हे त्या वेळी पुष्कळांना उमगले नसेल.

ते लवकरच उमगले. १८९६ साली दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्यावर पडलेल्या, विकल्या जाणाऱ्या मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगाची धास्ती. एवढ्या मुली शहरात ठेवणे शक्य होईना. तेव्हा तो माळ कामी आला. आधी झोपड्या, मग इमारती. १८९८ साली मुक्ति सदनाची स्थापना झाली. १९०० च्या दुष्काळात गुजरात-राजस्थानकडच्या मुली आल्या आणि माणसे दोन हजारांच्या आसपास गेली. दोन हजार! आपल्याकडे सत्यनारायणाला दोनशे पाने उठवायची तर आदल्या रात्री झोप लागत नाही. शारदा सदनात शिकून तयार झालेल्या मुलींनी नव्यांना सांभाळले. शेत, गोठा, घाणा, हातमाग, शिवण, भटारखाना, छापखाना ही सर्व कामे बायका करीत. छापखान्यात खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंत बायकांचे हात. आंधळ्या मुलींसाठी वेगळे सदन होते आणि मनोरमाबाई त्यांना बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवीत. मनोरमाबाई १९२१ साली गेल्या आणि पुढल्या एप्रिलमध्ये रमाबाई. संस्था राहिली.

एक मात्र खरे. केडगावच्या मुली तिथे दुष्काळाने आणल्या. आपण होऊन ठरवून आल्या त्या थोड्या. आणि प्रमुख बाई होती तरी प्रमुख एकच होती. शेवटचा शब्द रमाबाईंचा. त्यामुळे माझा प्रश्न अर्धाच सुटला. शहाण्यासुरत्या बायका आपल्या मर्जीने एकत्र आल्या, आणि त्यांच्यावर कोणीच प्रमुख नाही, असे कुठे झाले का?

झाले, आणि तेही आपल्या उंबऱ्याशी. नागपूरहून वर्ध्याला जाताना, वर्धा येण्यापूर्वी, धाम नदीच्या काठी पवनार लागते. टेकाडावर जमनालाल बजाजांचा बंगला होता. तिथे १९३८ साली विनोबा प्रकृती सुधारावी म्हणून येऊन राहिले. त्या जागेला त्यांनी परंधाम नाव दिले. आवारात खणताना जुन्या मूर्ती निघाल्या, त्यांत भरत-रामाच्या भेटीचे शिल्प निघाले, ते आज तिथल्या मंदिरात आहे. १९५० साली विनोबांनी तिथे पैशावाचून जगण्याचा प्रयोग मांडला. बैलही नको, माणसाने आपल्या हातांनी कुदळ-फावड्याने शेत पिकवायचे. याला ते ऋषिशेती म्हणत. मग १९५१ मध्ये भूदान सुरू झाले आणि ते तेरा वर्षे गावोगाव चालत राहिले. या पदयात्रेत असतानाच, २५ मार्च १९५९ रोजी, त्यांच्या सांगण्यावरून पवनारला ब्रह्मविद्या मंदिर सुरू झाले. ते बायकांसाठी.

पुरुषाने बायकांसाठी काढलेले, मग त्यात आपले कौतुक काय, असे कोणी म्हणेल. मलाही आधी तसेच वाटले. पण विनोबांचे म्हणणे असे होते की, एकेकट्या स्त्रियांनी भक्ती केली, मुक्ताबाई झाल्या, मीराबाई झाल्या. पण स्त्रियांनी मिळून, समूहाने, ज्ञानाची साधना करावी अशी जागा देशात राहिली नाही. शास्त्रे पुरुषांनी लिहिली, ती एकांगी आहेत. शंकराचार्यांच्या तोडीची स्त्री निघेल आणि स्वतः शास्त्र लिहील तेव्हा स्त्रीची सुटका होईल. यामागे त्यांची आई होती असे मला वाटते. रुक्मिणीबाईंना संस्कृत कळत नव्हते. त्यांच्यासाठी म्हणून पुढे 'गीताई' झाली, पण ती वाचायला त्या राहिल्या नाहीत, १९१८ मध्येच गेल्या. मी पुरुष असते तर खरे वैराग्य कसे असते ते दाखवले असते, असे त्या मुलाला म्हणत, हे विनोबांनीच सांगितले आहे. कढईसमोर उभ्या असलेल्या किती बायकांच्या मनात असे काही येऊन गेले असेल!

पवनारला निरनिराळ्या प्रांतांतून बहिणी आल्या. संख्या फार नव्हे, पंचवीस-तीस. ब्रह्मचर्य, शरीरश्रम आणि एकत्र राहणे ही अट. नोकर नाही. शेत, गाई, स्वयंपाक, झाडलोट, संडास-सफाई, छापखाना, सर्व कामे पाळीने. सकाळी ईशावास्य, संध्याकाळी स्थितप्रज्ञाची लक्षणे. 'मैत्री' नावाचे हिंदी मासिक त्या काढू लागल्या. १९७६ साली, आणीबाणीत, विनोबांनी गोहत्याबंदीसाठी उपवास जाहीर केला. तो मजकूर छापलेले 'मैत्री'चे अंक पोलिसांनी आश्रमात शिरून जप्त केले. ऋषीच्या आश्रमातले मासिक सरकारला भारी पडावे! विनोबांच्याच प्रेरणेने चार बहिणी १९६७ साली पायी निघाल्या आणि बारा वर्षे भारतभर चालल्या. त्या काळी एकटीदुकटी बाई पुढल्या गावच्या बाजारालाही विचारून जात असे.

पण सर्वांत नवल मला त्यांच्या बैठकीचे वाटते. तिथे अध्यक्ष नाही, संचालक नाही. निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसंमतीने होतो. एकीला जरी पटले नाही तरी ते काम थांबते. पुन्हा बोलतात, पुन्हा थांबतात. आपल्या मंडळात सतरंजी लाल घ्यावी की हिरवी यावर तीन बैठका झाल्या आणि शेवटी हात वर करून लाल आली. हिरवीवाल्या भगिनी दोन महिने सतरंजीवर बसल्या नाहीत, खुर्चीवर बसल्या. (नावे लिहीत नाही, त्या हे वाचणार आहेत.) सर्वसंमतीत वेळ फार जातो आणि एकटीचा हट्ट सगळ्यांना अडवू शकतो, हा त्यातला दोष उघड आहे. पण मत मोजून पाडले की पडलेली बाजू कोपऱ्यात जाऊन बसते, हे आपण सासरी काय आणि मंडळात काय, पाहिलेलेच आहे. पवनारच्या बहिणींनी ती रीत सोडली नाही. विनोबा १९७० पासून तिथेच स्थिर झाले, पण कारभार हाती घेतला नाही. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी ते गेले. आता हा आश्रम मोडणार, असे तेव्हा कितीतरी जण म्हणाले असतील. चाळीस वर्षे उलटून गेली. आश्रम चालू आहे. मूळच्या बहिणींपैकी बऱ्याच जणी आता नाहीत, राहिल्या त्यांची वये उतरली आहेत, आणि सगळे सोडून यायला नव्या मुली फारशा पुढे येत नाहीत, हेही लिहिले पाहिजे. पोराबाळांची बाई तिथे जाऊन राहू शकत नाही. ते घर ब्रह्मचारिणींचे आहे. आपल्यासारखीला तिथून बैठकीची रीत आणता येईल, राहणी नाही.

पवनारला अशी सर्वसंमती चालू असताना, तिचे नावही न ऐकलेल्या बायका सातासमुद्रापलीकडे तीच रीत शोधून काढीत होत्या, म्हणून त्यांचेही थोडे सांगते. अमेरिकेच्या पश्चिमेला ओरेगॉन नावाचे राज्य आहे. १९७० नंतरच्या वर्षांत शहरातल्या अनेक तरुण बायका तिथल्या डोंगरात जमीन घेऊन राहू लागल्या. स्त्रीमुक्तीच्या चळवळीतून आलेल्या या बायका. त्यांतल्या बऱ्याच जणी स्त्रीनेच स्त्रीशी जन्माची जोडी मानणाऱ्या होत्या, आणि गावात राहून त्यांना उजळ माथ्याने जगता येत नव्हते. सुतारकाम, छप्पर घालणे, लाकूड फोडणे, मोटार दुरुस्त करणे, जे जे पुरुषाचे म्हणून त्यांना कधी शिकवले नव्हते ते त्या एकमेकींना शिकवू लागल्या. 'वुमनस्पिरिट' नावाचे त्रैमासिक त्यांनी १९७४ पासून दहा वर्षे त्या रानातून चालवले. ज्या बायकांजवळ पैसा नाही त्यांनाही जमीन मिळावी, आणि कोणा एकीला ती विकता येऊ नये, म्हणून १९७५ साली त्यांनी एक विश्वस्त संस्था केली आणि पुढे १४७ एकरांचे शेत घेतले. निर्णय सर्वसंमतीने.

तिथे सगळे गोड झाले नाही. जमिनीवर पोट भरेना, मजुरीसाठी लांब जावे लागे. पाऊस-चिखलात एक हिवाळा काढून पुष्कळ जणी परत गेल्या. खरकटी भांडी कोणी घासायची, यावर तिथेही वाद झाले, हे वाचून मला फार बरे वाटले. एक प्रश्न तर मन हलवणारा आहे. पुरुष नको असे ठरले, पण कोणा आईबरोबर मुलगा आला तर? तो लहान आहे तोवर चालेल, मोठा झाला म्हणजे? कित्येक वस्त्यांत या प्रश्नावर फूट पडली. मला स्वतःला पोटच्या पोराला दाराबाहेर ठेवणारा नियम मान्य होणार नाही. पण केडगावला आणि पवनारला हा प्रश्न निराळ्या तऱ्हेने आधीच मिटवलेला होता, ओरेगॉनच्या बायकांनी तो उघडपणे मांडला, एवढे त्यांचे श्रेय.

ही घरे एकमेकांपासून इतकी दूर, धर्म निराळे, चाली निराळ्या. पण एक गोष्ट सगळीकडे आधी झालेली दिसते. पायाखालची जमीन कोणा नवऱ्याच्या, दिराच्या किंवा भावाच्या नावाची नव्हती. दोन हजार मुलींना घेऊन रमाबाई भाड्याच्या घरात उभ्या राहिल्या असत्या तर घरमालकाने आठ दिवसांत बाहेर काढले असते.

आपल्याकडे सातबाऱ्यावर बाईचे नाव लागणे अजूनही नवलाचे आहे. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती. ज्या गावातले शंभर शेतकरी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करतील ते गाव लक्ष्मीमुक्त, असे शरद जोशींनी जाहीर केले, आणि अनेक गावांनी तसे करून दाखवले. कायदाही हळूहळू सरकला. १९५६ च्या कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वारसा मिळाला. महाराष्ट्रात १९९४ साली आणि साऱ्या देशात २००५ साली तिला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलासारखा जन्मतः हक्क मिळाला. आणि २०१५ च्या डिसेंबरात दिल्लीच्या उच्च न्यायालयाने सांगितले की घरातली सर्वांत मोठी मुलगी ही कुटुंबाची कर्ती होऊ शकते. तरीही कितीतरी माहेरी राखीच्या दिवशी बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते, आणि भाऊ रागावेल म्हणून ती सही करते. हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही.

असो. यंदाची सहल पवनार-सेवाग्रामला न्यावी अशी माझी सूचना कार्यकारिणीपुढे आहे. नागपुराहून पाऊण-शंभर किलोमीटरच्या आत सगळे आहे. सकाळी सातला निघालो तर पवनारला प्रार्थना गाठता येईल. गांधीजींच्या अस्थी १९४८ च्या फेब्रुवारीत धाम नदीत विसर्जित केल्या ती जागा तिथेच आहे. डबे प्रत्येकीने आपापले आणावे, आवारात मोठ्याने बोलू नये, आणि तिथल्या बहिणींना काय विचारायचे ते आधीच ठरवून घ्यावे. हिरव्या सतरंजीवाल्या भगिनींचीही संमती आली की तारीख फळ्यावर लिहू.